उघाडी

वर्गात माझ्यापेक्षा वयानं मोठा फक्त फळा.
बाकी सगळी सतरा वर्षांची.
मला काका म्हणतात
आणि चहाचे पैसे मात्र सारखे वाटून घेतात.
मुबश्शिरा शेजारच्या मशीनवरून मान लांब करते :
काका, अर्धविराम राहिला.
चूक तेराव्या ओळीत असते,
बोंब चौदाव्यातून उठते.
आमच्या भावकीतही असंच, मी म्हणतो.
ती हसत नाही. तिचा प्रोग्राम चाललेला असतो.

रात्री रबाळ्याला, डेटा सेंटरच्या फाटकावर ड्यूटी.
आत काय असतं, मी पाहिलेलं नाही.
भिंतीला कान लावला तर
कुणी चक्कीत दळण टाकून विसरून गेल्यासारखा आवाज.
यंत्रांना उकडू नये म्हणून तेवढी वीज,
आणि केबिनमध्ये एक टेबलफॅन,
ज्याची मान वळत नाही.
वहीची पानं उडू नयेत म्हणून वर टॉर्च ठेवतो,
मग वाचायला उजेड नसतो.
सकाळी सातला सुटतो. साडेनऊला लेक्चर.
मधल्या अडीच तासांत आंघोळ, झोप, आणि एम-टूची केटी :
यातलं कुठलंही एकच नीट होतं.

घोरपडे मॅडम पॉइंटर शिकवतात.
पॉइंटर म्हणजे किंमत नव्हे, पत्ता.
पत्ता हातात राहिला आणि तिथली जागा परत घेतली गेली,
तर तो लोंबकळता पॉइंटर.
त्याच्या मागे जाऊ नका, प्रोग्राम कोसळतो.

आमच्या कपाटात, आईच्या शालूखाली,
घणसोलीच्या खाजणातल्या बारा गुंठ्यांचा
सातबारा आहे.
मी हात वर केला नाही.

आबांना एकदा सांगितलं, अँड गेट शिकतोय.
दोन्हीकडून होकार आला तरच पुढे जाऊ देतं.
आबा करंदी निवडत होते.
"मंग त्यान काय नवा? आपली उघारी.
भरती आली का झाप मिटतं.
सुकती लागली, आन् शेतान पानी जास्ती झाला,
तवाच उघरतं.
मानूस लागत नाय."
आणि परत करंदीत डोकं.

त्या बांधावर आता जॉगिंग ट्रॅक आहे.
आबा अजून तिथी बघतात :
आज अष्टमी, भांग आहे, पाणी चढणार नाही.
कुठं चढणार नाही, ते सांगत नाहीत.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक, ठाण्याहून आलेले,
खिशाला दोन पेनं.
अँड गेटचं व्यवहारातलं उदाहरण द्या.
दोन स्विच आणि एक बल्ब, हे मला पाठ होतं.
तोंडातून निघालं, उघाडी.
मग सांगतच बसलो : खाजण, बांध, लाकडी झाप,
त्यावरचं शेवाळ,
एकदा फटीत अडकून राहिलेली निवटी,
मी तिला काडीनं ढकललं तेव्हा बसलेली चापट,
म्हणजे जे कुठल्याच युनिटमध्ये नाही ते सगळं.
त्यांनी चष्मा काढला. पुसला.
"आणि झाप कुजलं तर?"
खारं पाणी आत. तीन वर्षं भात नाही.
त्यांनी काहीतरी लिहिलं.
मला उलटं वाचता येत नाही.
नेक्स्ट, म्हणाले.

बाहेर मुबश्शिरानं विचारलं, काय विचारलं काका?
गेट, म्हटलं.
सोप्पं होतं की मग, ती म्हणाली.

रात्री अडीचला जनरेटरच्या डिझेलचा टँकर येतो.
ड्रायव्हर हॉर्न देतो, मी पास मागतो.
पास आहे.
आत फोन लावतो : येऊ द्यायचा?
पलीकडून आधी जांभई, मग हो.
मी वही उपडी ठेवतो
आणि दांडा वर करतो.