निरगाठ

डोकं उघडण्याच्या आदल्या दिवशी
सर्जननं आम्हाला ती पडद्यावर दाखवली.
लिंबाएवढी, कवटीच्या अस्तराला धरून बसलेली.
"फार सावकाश वाढलीय," तो म्हणाला,
जरा कौतुकानंच.
चाळीस वर्षं कोळंबीची जाळी विणणाऱ्या माझ्या आईनं
एवढंच विचारलं:
सुरगाठ आहे की निरगाठ?

खटल्याचा फॉर्म बावीस पानांचा.
पहिलं इंजेक्शन कधी? शेवटचं कधी?
कुठल्या दंडात?
बाटलीवरचा लॉट नंबर?
याच कंपनीचं होतं, की तसंच दुसऱ्या कुणाचं?
आई चष्मा पुसत सांगते,
लिही, मोठ्या वादळाच्या आदल्या वर्षी,
भाव पडला त्या आठवड्यात.
मग तपकिरी कोळंबी, मग पांढरी,
मग कालवं, आणि मग काहीच नसतं तो हंगाम.
वर्षाला असे चार. अशी अकरा वर्षं.
वकीलबाई फोनवर म्हणतात,
मिसेस वर्डिन, तारखा लागतील.

खाडीवरच्या दवाखान्यात आता गळाची आमिषं विकतात.
वजनकाटा होता तिथं बर्फाची पेटी आहे.
फायली पाण्यात गेल्या, दुकानदार म्हणाला,
पण भिंतीवर पाणी चढल्याची रेघ आहे अजून,
हवा तर तिचा फोटो काढा.
मी काढला.
पुरावा क्रमांक सात: एक रेघ,
माझ्या खांद्याच्या वर.

मी तिसरी. माझ्यानंतर इंजेक्शनं.
माझ्या पाठीवर कुणी आलं नाही
म्हणून आई रात्री झोपू शकली,
म्हणून मी शाळा संपवली
आणि हा फॉर्म वाचू शकते.
हे लिहायला रकाना नाही.
मी समासात लिहिलं, मग खोडलं.
वकीलबाई म्हणाल्या होत्या,
समोरच्यांना आयतं कोलीत कशाला?

नर्स अर्लीन गिद्री सापडल्या, थिबोडोच्या वृद्धाश्रमात.
आईचं नाव नाही, गाव नाही,
स्वतःचा मुलगासुद्धा आठवत नाही त्यांना.
आई शेजारी बसली तशी
त्यांनी तिची डावी बाही वर सारली,
खांद्यापासून तीन बोटं मोजली
आणि अंगठा टेकवला.
"सैल सोड हात, शेर. घट्ट धरलास तर दुखतं."
आईनं सोडला.
थोड्या वेळानं बाही खाली करत म्हणाल्या,
"तीन महिन्यांनी ये."
हे कोर्टात चालणार नाही.
मी विचारून घेतलं.

जबानीच्या दिवशी कॅमेरा, पाण्याचा जग,
कंपनीचा वकील अगदी सभ्य.
खुर्चीही त्यानंच ओढून दिली तिला.
औषधानं आपलं काम केलं, मिसेस वर्डिन?
"केलं."
तुम्हाला आणखी मूल नको होतं?
"नको होतं."
म्हणजे तुम्ही समाधानी होतात.
आईनं डोक्यावरचा रुमाल चाचपला,
खाली केस अजून बोटभरच आलेत.
"होते की.
मीही जाळं चांगलं विणते.
पण त्यात एक झडप शिवावी लागते,
चुकून कासव शिरलं तर सुटावं म्हणून.
न शिवली तर तटरक्षक दंड करतात.
कासवासाठी कायदा आहे, साहेब.
तुमच्या बाटलीत मी शोधली झडप.
निदान कागदावर तरी."
त्यानं पान उलटलं.
पुढचा प्रश्न सिगारेटचा होता.

घरी आल्यावर तिनं जाळं मांडीवर घेतलं.
डाव्या हाताची दोन बोटं आता ऐकत नाहीत.
ती दोरा अडकवते, ओढायचा मी.
मी ओढला की सैलच राहतो.
"अशी नाही," ती म्हणते, "सुटेल,"
आणि माझ्याकडून सोडवून घेते,
पुन्हा, पुन्हा,
दिवे लागेपर्यंत.

पुढची तारीख मार्चमध्ये.
बरं झालं, आई म्हणाली.
तेव्हा बोट रिकामीच असते.