बाकी तीन

ड्युलूथला तळं गोठलंय.
ऑर्विल हाउगेन दोन पाकिटं फोडून
टेबलावर शेजारी शेजारी ठेवतो.
मंजूर एकशे सत्त्याऐंशी चाळीस.
मेडिकेअरचे आले एकशे शेहेचाळीस ब्याण्णव,
पूरक विम्याचे सदतीस अठ्ठेचाळीस.
पेन्सिलीला टोक काढून पुन्हा बेरीज.
पुन्हा तीन डॉलर कमी.

फोनवरची मुलगी समजावते,
ती सरकारी कात्री, मिस्टर हाउगेन,
डॉक्टरांनी सोसायची.
तुमच्याकडे काही निघत नाही.

निघत नाही?
चाळीस वर्षं बंदरात धान्य तोललं त्यानं,
काट्याला फुकाचं हलू दिलं नाही.

मार्गिटचा शेवटचा एक्स-रे हा.
खोकत खोकत म्हणाली होती, पावती घे रे.

तो वहीत लिहितो: बाकी तीन.
कुणाकडून,
ती जागा कोरीच.