मिनिटाला बेचाळीस

लवू कोयंडे, वय एकोणीस, खलाशी.
इंजिन बंद पडून दोन दिवस, दोन रात्री
वाहत होते चौघं.
कॅनमधलं पाणी संपल्यावर
तिघं गप्प पडून राहिले.
यानं हात बुडवून ओंजळभर घेतलं. मग आणखी.

आता तो आचऱ्याच्या दवाखान्यात, खाट नंबर तीन,
स्वतःच्या आईला विचारतो, "कोण गो तू?"
पोटाची कातडी चिमटीत धरली
तर चुणी तशीच उभी राहते.
शीर सापडली तिसऱ्या टोचणीला, डाव्या मनगटावर.
स्टँड मोडलाय. बाटली खिडकीच्या गजाला.

त्याचा काका, गुणाजी, लेबल न्याहाळतो.
"ह्यात काय आसा?"
पाणी आणि मीठ.
"खारां पाणी पिवन पोराची ही गत झाली, बाय,
आणि तुमी परत खारांच घालतास?"

लिटरमागं नऊ ग्रॅम, मी सांगते. दर्यात पस्तीस.
ते पस्तीस बाहेर टाकायला मूत्रपिंड
प्यालेल्याहून जास्त पाणी खर्च करतं.

ग्रॅम त्याला कळत नाहीत. खाजण कळतं.
मग खाजणच सांगते:
अंगातलं पाणी एका जागी नसतं, काका.
थोडं खाडीत, म्हणजे शिरांत.
थोडं काठच्या चिखलात.
आणि सगळ्यात जास्त बांधाच्या आत, भाताच्या खाचरांत.
लवूची खाडी खारट झाली
आणि तिनं खाचरं शोषून घेतली.

"मगे गोडां पाणी सोडा. भसाभस."

नाही. आधी खाडी भरायची.
मग गोडं, तेही दोन दिवस पुरवून.
एकदम सोडलं तर खाचरं फुगतात,
आणि डोक्यातल्या खाचरांना कवटीचा बांध,
सरकायला जागाच नाही.

मी जतची. आमच्याकडे टँकर यायचा
तेव्हा आई घागरी मोजायची नाही, तांबे मोजायची.
तशी मी चाक फिरवते, काट्याशी थेंब जुळवते:
चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस.
माझी पाठ वळली की गुणाजी चाक सैल करतो.
दोनदा पकडला.
तिसऱ्यांदा त्यालाच मोजायला बसवला.
ओठ हलवत मोजतो,
जाळ्याची फाटकी आसं मोजावीत तसा.

पहाटे तीनला लवूला लघवी झाली.
दीडशे मिली, कोऱ्या चहाच्या रंगाची.
गुणाजीनं भांडं ट्यूबलाइटखाली धरलं,
पहिली सुरमय लागावी तसं
वॉर्डभर दाखवून आला.

तक्त्यात लिहिलं: आत पंधराशे, बाहेर दीडशे.
"बाकीचां खंय गेलां?"
काही अंगानं ठेवून घेतलं. काही श्वासातून गेलं, काही कातडीवरून.
त्याला रकाना नाही आमच्याकडे.

उजाडता लवूनं डोळे उघडले.
गजाकडं बघितलं, बाटलीकडं, माझ्याकडं.
"ह्यां खंयचां बंदर?"
आचरा, मी म्हटलं,
आणि दुसरी बाटली लावली, गोड्या पाण्याची, मिनिटाला वीस.

गुणाजी भिंतीला टेकून, डोळे मिटून,
अजून बेचाळीसच मोजत होता.