बेरीज

बीपीसाठी गेलो होतो जनकगंजच्या दवाखान्यात.
पट्टा सोडताना डॉक्टर मोहिते म्हणाले,
बीपी ठीक आहे, डबीर. तुम्ही ठीक नाही.
मग शेजारच्या खोलीत,
जिथे बाळांच्या लसींचा फ्रीज घुरघुरतो,
रजनी कुशवाहनं नऊ प्रश्न विचारले, हिंदीत.
गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस?
शून्य, एक, दोन, तीन.

पस्तीस वर्षं महालेखाकार कार्यालयात
दुसऱ्यांच्या हिशेबांवर लाल शाई चालवली,
असलं खातं कधी हाती आलं नव्हतं.
झोप, तीन.
भूक, दोन.
नववा प्रश्न तिनं पेन खाली ठेवून विचारला.
मी फ्रीजकडे बघत म्हटलं, एक.
एकोणीस झाले, ती म्हणाली,
भाजीचे पैसे सांगावेत तशी.

आरोग्यशाळेच्या फाटकातून मी जाणार नाही.
आमच्या लहानपणी
त्या फाटकाचा धाक घालून दूध पाजत.
जायचं नाहीच, डबीर साब.
दर बुधवारी मी वही वाचते फोनवर,
पलीकडे मनाच्या डॉक्टरीण असतात,
त्या मोहिते सरांना सांगतात, सर गोळी लिहितात.
म्हणजे जिनं मला पाहिलंही नाही
तिला माझी झोप तोंडपाठ.

पहिली गोळी तोंड कोरडं करायची.
वहीत गेलं. बदलली.
दर गुरुवारी अकराला फोन:
आज क्या किया?
काही नाही.
पहले क्या करते थे?
शनिवारी सायकलला तेल द्यायचो.
तो बस, चेन को. पूरी साइकिल नहीं.

दोन शनिवार नाही जमलं.
तिसऱ्या शनिवारी कुमुदनं विचारलं,
हात कशानं काळे झाले?
आणि साबण न देताच
उभी राहिली बघत.

परवा पुन्हा तीच खोली, तोच फ्रीज.
तिनं आकडे मांडले, खाली लिहिलं चौदा.
मला कागद उलटा दिसत होता.
तेरा, मी म्हटलं.
ती बोटांवर मोजू लागली.
हाँ. तेरा.

एका पैशासाठी फायली परत धाडल्यात मी.
पेन मागितलं.
चौदावर आडवी रेघ, वर तेरा,
शेजारी आद्याक्षरं, जशी रीत आहे.
हात थोडा कापला, पण अक्षर माझंच.

नववा आता शून्य आहे.
झोप दोनवर अडून बसलीय.
ते बुधवारी.