आठशेच्या आत

पहाटे साडेपाचला गाडीने आम्हाला स्टँडवर उतरवलं.
माझ्या खांद्याला पिशवी,
द्वारकाबाईंच्या हातात लेकाची जुनी बॅग,
चेन तुटलेली, परकराच्या नाडीने बांधलेली.
जिंतूरलाच ठरलं होतं, आठशेच्या आत
आणि देवळापासून चालत,
कारण गुडघे त्यांचे
आणि रिक्षाचे पैसे माझ्याकडे.

स्टँडसमोरचा म्हणाला, अठराशे, एसी.
एसी नको म्हटलं,
तर म्हणाला, बंद ठेवा की मग.
दुसऱ्याने आमच्या पाठीमागे पाहिलं,
कोणी गडीमाणूस सामान घेऊन येतोय का;
कोणीच येत नाही म्हटल्यावर
त्याच्या सगळ्या खोल्या एकदम भरल्या.
तिसऱ्याकडे चादर पांढरी होती, भाडंही बसत होतं,
पण खिडकी उघडली तर समोर भिंत,
हात लावता येईल इतकी जवळ.
द्वारकाबाई म्हणाल्या, नको.
का, ते म्हणाल्या नाहीत. मी विचारलं नाही.

बिंदू चौकाशी टेकून चहा घेतला.
चहावाल्याने किटलीनेच दिशा दाखवली,
"मावशी, असंच सरळ जावा. मग डावीकडं जावा."
द्वारकाबाई माझ्या कानाशी आल्या,
"ह्याला कसं गं कळलं, आपण जावा?"
आणि हसल्या. अशा हसल्या की
आतली पडलेली दाढ दिसली.
ती कधी काढली त्यांनी?
बावीस वर्षं एका अंगणात राहून
मला पत्ता नव्हता.

महाद्वार रोडवरून आत, बोळात,
चपलांच्या दुकानाच्या वर
न्यू प्रभात लॉजिंग. त्यातलं 'न्यू' पुसलेलं.
गल्ल्यावर बाबालाल, चष्मा दोऱ्याने बांधलेला.
साडेनऊशे, गरम पाणी सहा ते आठ, लिफ्ट नाही.
द्वारकाबाई बाजार करतात तशा बोलल्या,
शांतपणे, निघून जायची तयारी ठेवून.
आठशेवर आला तेव्हा म्हणाल्या,
"टीव्ही आम्ही बघत नाही.
रिमोट ठेवून घ्या, पन्नास कमी करा."
बाबालालने चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं.
पस्तीस वर्षांत, म्हणाला,
असं गिऱ्हाईक नाही बघितलं.
आणि रिमोट ड्रॉवरमध्ये ठेवला.

वहीत रकाना होता: नाते.
मी म्हटलं, जावा.
तो म्हणाला, कुठं?
पुन्हा तेच हसू, जिन्यापर्यंत, तीन मजले,
गुडघे धरून.

रंकाळा पाहिला. नवा राजवाडा बाहेरून,
कारण आतलं तिकीट हिशेबात नव्हतं.
गंगावेशीत समोर पिळलेलं म्हशीचं दूध,
ग्लास हाताला गरम लागत होता.
देवळात रांगेत दोन तास
त्या माझा पदर धरून उभ्या होत्या,
हरवायच्या भीतीने, त्यांच्या की माझ्या.

रात्री एकच पलंग. मध्ये उशी ठेवली,
मग कुणीतरी ती काढली.
वाटणीच्या वर्षी घराच्या मधोमध
विटांची एकेरी भिंत घातली होती,
बोलणं बंद झालं तरी खोकला ऐकू येई.
पलीकडून त्यांचा, इकडून माझा.
कधीकधी वाटे, उत्तर देतायत.
आज भिंत नव्हती आणि त्या खोकत नव्हत्या,
म्हणून मला झोप येईना.

"जागी आहेस?"
हो म्हटलं.
"ती भिंत माझ्या सांगण्यावरून नव्हती."
खाली कुणीतरी शटर ओढलं.
मी म्हटलं, माहीत आहे.
माहीत नव्हतं.

सकाळी सातला मी उठून बॅगेची नाडी बांधायला घेतली.
द्वारकाबाईंनी डोळे न उघडता विचारलं,
किती वाजता आलो होतो आपण?
साडेसातला.
"मग अर्धा तास अजून आपला आहे.
पैसे भरलेत.
नीज."