तीन कुकर

पवननगरच्या या दोन खोल्यांत
आम्ही तिघी राहायला आलो
तेव्हा प्रत्येकीने आपापला कुकर आणला होता.
आपापला तवा, आपापली किसणी,
आपापली रविवारची चादर.

एस्तेर रात्रपाळी करून येते साडेसातला,
वैजयंता तेव्हा पिकोच्या मशीनला तेल घालत असते,
आणि मी अंबडच्या कंपनीची बस गाठायला
दारातल्या चपला ओलांडत धावते.
चपलांचे जोड चार.
आम्ही तिघी.
चौथा जोड पुरुषी, नऊ नंबरचा.
आधीच्या भाडेकरूचा असेल, असं प्रत्येकीला वाटायचं.
किंवा प्रत्येकी तसं म्हणायची.

भांडण असं कधी झालं नाही.
फक्त झाकणं जोरात ठेवली जायची.
ओट्यावर जागा नाही म्हणून चहाचं भांडं पिंपावर,
पिंपावरचा तांब्या खिडकीत,
खिडकीतला आरसा पलंगावर,
आणि पलंगावर निजणारी बाई
गॅलरीत, पाय पोटाशी घेऊन.

द्राक्षं स्वस्त झाली होती, म्हणजे मार्च असणार.
एस्तेर म्हणाली, मला इथे झोप लागत नाही.
उजेडाचं काही नाही गं, उजेडाची सवय आहे.
या वस्तू बघत राहतात.

आम्ही पदर खोचले.

माळ्यावरून अकरा झाकणं निघाली, बिनडब्यांची,
आणि चार डबे, बिनझाकणांचे.
एकाचंही एकाला बसेना.
वैजयंता म्हणाली, सोयरीक जमवणाऱ्यांना बोलवा.
मागच्या सिंहस्थातला कॅन निघाला,
गंगेचं पाणी भरून आणलेला, तळाशी हिरवा.
टाकायचा कुठे?
एस्तेरने तो कुंडीत रिकामा केला,
म्हणाली, झाडाला चालतं.

स्कूटरचा एक आरसा निघाला, मागचं दाखवणारा.
वैजयंताने तो फडक्याने पुसला,
बराच वेळ पुसला,
आणि भंगारात ठेवला, पालथा.

लिंक रोडवरून हातगाडी घेऊन आलेला पोरगा
काट्यावर बोटं टेकवत होता, मी ती उचलायला लावली.
माझ्या हातात देवळालीच्या घराची किल्ली होती.
ते घर दिराने विकलं, कुलूपही आता दुसरं असेल.
पितळ वेगळं धरतो ताई, तो म्हणाला आणि हात पुढे केला.
मी मूठ उघडली नाही.
दोघींनी बघितलं
आणि दोघी एकदम
मशीनखालचे धागे वेचायला लागल्या.

मग कुकर.
तुझा ठेवू. नको, तुझाच ठेवू.
एवढा वेळ तर आम्ही कधी भांडलोही नव्हतो.
शेवटी माझा राहिला,
कारण त्याची शिट्टी बसलेली आहे,
झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

आणि या चपला? पोराने विचारलं.
कुणी बोलेना.
मग वैजयंता जमिनीकडे बघत म्हणाली,
मीच आणल्या होत्या, बुधवारच्या बाजारातून.
येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, घरात कुणी आहे.
दर महिन्याला मी त्यांची जागा बदलते.
एस्तेर हसायला लागली, आणि मग हसता हसता थांबली.
पोराने चपला पायात घातल्या.
बरोब्बर बसल्या त्याला.
चार वर्षांत पहिल्यांदाच त्या जिना उतरल्या,
फटक फटक.

घरात आता आवाज घुमतो.
त्यामुळे आम्ही हळू बोलतो.

दुपारी एस्तेर झोपली, भर उजेडात, तोंड उघडं टाकून.
कुकर खोकल्यासारखा वाजला, ती हलली नाही.
वैजयंता कडी लागली का ते दोनदा बघून आली.
तिसऱ्यांदा गेली तेव्हा बराच वेळ आली नाही.
मी डोकावले.
ती आमचे तीन जोड
जरा पसरून ठेवत होती.