कोड नऊ

नागपूरच्या प्रशिक्षणात नमुना म्हणून
एक जुनी प्रश्नावली दाखवली, रामल्लाची,
अरबीवरून उतरवलेली.
पगार वेळेवर मिळतो का?
उद्या निवडणूक झाली तर?
होईल असं वाटतं का?
हे ठिकाण सोडून जायचा विचार मनात येतो का?
सरांनी वरचं नाव खोडून
बोरगव्हाण लिहिलं, तालुका आर्णी.
बाकी फार बदलावं लागलं नाही.

ग्रामपंचायतीची मुदत संपून दीड वर्ष.
प्रशासक मंगळवारी येतो, आला तर.
पतसंस्थेच्या शटरवर ‘व्यवहार तूर्त बंद’,
त्या तूर्तला कुणीतरी कोळशानं मिशा काढल्यात.

प्रत्येक तिसरं घर, असा नियम.

बेबीबाई गेडाम, अंगणवाडी मदतनीस,
पाच महिन्यांचं मानधन अडकलेलं.
विश्वास कुणावर? पूर्ण, थोडा, अजिबात नाही?
“डाळ निवडता निवडता इचार बाई.
तुले मतं मोजा लागते, मले पोरायचे डोके.”

पंजाब डवले म्हणाला, सगळं उत्तम चालू हाये.
मोठ्यानं म्हणाला,
कारण ओट्याखाली अध्यक्षाचा पुतण्या
केव्हाची एकच मोटरसायकल पुसत होता.
मी ‘समाधानी’वर बोट टेकवलं.
निघताना फाटकापर्यंत आला, हळूच विचारलं,
“हे पेनानं लिवलं का पेन्सिलनं?”

हनीफ टेलर झेंडे शिवत होता, दोन्ही पार्ट्यांचे.
निवडणुकीची तारीख नाही, तरी कापड येऊन पडलेलं.
“रंग अलग हाये म्याडम,
उधारी एकाच वहीत.”

पुढं कुलूप. सुरतेला गेले म्हणे.
कुलूप असेल तर शेजारचं घर घ्यायचं.
शेजारी कुलूप.
त्याच्या शेजारी कुलूप, आणि दारात
कुणाची तरी एकच चप्पल.
सोडून जायचा विचार येतो का,
हे मी चपलेला विचारलं नाही.

कौतिकाबाईंनी मलाच खाली बसवलं.
“आमचं मत नेऊन काय करतं वो?”
टक्केवारी काढतात, म्हटलं.
“पतसंस्थावालेबी टक्केच सांगत होते.”

संध्याकाळी पाण्याच्या टाकीवर चढले, रेंजसाठी.
चाळीस घरं, त्यात सव्वीस वेळा नऊ:
सांगता येत नाही.
सुपरवायझरचा मेसेज, नऊ फार येतायत,
खोदून विचारा.

वर वारा होता, खाली गाव जेवायला बसलेलं,
कुठं तुरीच्या वरणाचा, कुठं नुसत्या मिरचीचा वास.
रामल्लातही कुणी बाई अशीच दारं वाजवत हिंडली असेल.
तिला कुणी बिनसाखरेचा चहा दिला असेल,
साखरेचं नाव न काढता,
आणि तिनं तो गोड लागल्यासारखा प्यायला असेल.

तेवढ्यात एक काडी रेंज आली.
तिसावं घर गेलं,
एकतिसावं फिरतंय.